रस्ता सांगणारे काका

काकांना रस्ता विचारावा लागत नसे. ते आपण होऊन सांगायचे. सिडनीतल्या हॅरिस पार्कच्या किराणा दुकानात एखादा नवा मुलगा चाकांची बॅग घेऊन भांबावलेला दिसला, की काका हातातली कोथिंबीर खाली ठेवून त्याच्याकडे जायचे. कुठं जायचंय, टुंगाबीला? मग पॅरामॅटाहून मागच्या डब्यात बस, उतरल्यावर जिना समोर येतो. मुलगा मोबाइल दाखवून म्हणायचा, अंकल, इसमें सब है. त्यावर काका त्या मोबाइलकडे ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने मी बाथरूममध्ये टांगलेल्या त्यांच्या ओल्या शर्टाकडे बघायचे.

"नकाशा रस्ता सांगतोय," ते म्हणायचे. "कुठं उतरायचं ते माणूस सांगतोय. आणि तो पण तिथं उभारलेला माणूस. लांबचा नाही."

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. माझ्या आईचंही हेच मत आहे आणि नवऱ्याचंही, फक्त नवरा ते हळू आवाजात सांगतो. दोन हजार अठरा साली आम्ही दोघं पुण्याहून सिडनीला आलो आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बघून काकांच्या युनिटमधली, म्हणजे फ्लॅटमधली, मोठी खोली भाड्याने घेतली. छोट्या खोलीत काका स्वतः. पन्नाशी उलटलेली, लग्न नाही, मूळचे मिरजेचे, पॅरामॅटाला एका सरकारी खात्यात आयटीच्या हेल्पडेस्कला पर्मनंट. ऑस्ट्रेलियात वीसेक वर्षं झालेली, सिटिझन वगैरे सगळं. आणि राहायचे असे, की उद्या पहाटे बस आहे. त्यांच्या खोलीत कपाट नव्हतं. एक जुनी सॅक, तीन शर्ट, दोन पँटी, एक चटई. रोज संध्याकाळी अंगातला शर्ट धुऊन बाथरूममध्ये टांगायचा आणि सकाळी वाळला नसला तरी तोच घालायचा. मी एकदा म्हटलं, काका, सेलमध्ये आणखी चार शर्ट येतात की. तर म्हणाले, चार शर्ट झाले की सॅक बंद होत नाही.

जेवायचे उभ्याने. खिडकीशी ताटली धरून, खालच्या रस्त्याकडे बघत. बसले तर पाय हलायचा, आणि तो टेबलाला लागून असेल तर वाट्या वाजायच्या. नवरा नाइट शिफ्ट करून झोपलेला असला की मी डोळे वटारायचे, मग ते पाय थांबवायचे आणि बोटं सुरू करायचे. शनिवारी सकाळी पॅरामॅटा स्टेशनबाहेर जाऊन समोर येईल त्या बसमध्ये बसायचे. शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचे, तिथल्या माणसाला विचारून दुसऱ्या बसने परत. काय बघितलं विचारलं तर काही नाही. बस बघितली.

पण काका खुलायचे ते व्हिएतनामवर. सगळा देश त्यांनी लोकल बसने, बोटीने, कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागे बसून पालथा घातला होता. तिथल्या स्लीपर बसमध्ये चढताना चपला काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि पिशवी उशाशी ठेवायची. मधल्या रांगेत झोपायचं नाही, दोन्हीकडून लोकांचे पाय येतात. बसच्या दारात लटकून ओरडणारा जो पोऱ्या असतो, खरी बस त्याची असते, ड्रायव्हरची नाही. चढल्या चढल्या त्याच्यापुढे भडंगाची पिशवी धरायची, तिकिटाचं मग. मिरजेचं भडंग खाल्लेला कंडक्टर तुम्हाला चुकीच्या गावी उतरवणं शक्य नाही, असा त्यांचा दावा होता.

काका पक्के शाकाहारी. मग तिथे खाता काय, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्यावर त्यांनी मला फ्रिजपाशी नेलं. फ्रिजवर मराठी कॅलेंडर लावलेलं होतं. त्यावर दर महिन्याच्या अमावास्येला आणि पौर्णिमेला लाल पेनाने गोल. तिकडे या दोन दिवशी बरेच लोक मांस-मच्छी खात नाहीत, एरवी डुक्कर रांधणाऱ्या बायासुद्धा गाडीवर भाज्यांचं आणि टोफूचं करतात. म्हणून काका ट्रिपची आखणी कॅलेंडरवरून करायचे. अमावास्येच्या आदल्या दिवशी सायगॉनला उतरायचं, दुसऱ्या दिवशी पोटभर जेवायचं, मग पौर्णिमेपर्यंत केळी, पाव आणि भडंग. एकदा कॅलेंडरातली अमावास्या आणि तिथली एका दिवसाने चुकली. त्या दिवशी काय खाल्लं, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही विचारू दिलं नाही. हॅरिस पार्कमध्ये बसून अमावास्या आली की म्हणायचे, आज तिकडं आपल्याला कुठंही जेवायला मिळतंय. आणि पाय हलायला लागायचा.

बोलायचे ते नेहमी परवाच्यासारखं. 'मागच्या खेपेला', 'आता गेलो तेव्हा'. दर डिसेंबरात चार आठवडे रजा टाकून जायचे. येताना सॅकमध्ये भडंग, हळद, चुरमुरे. वाटेत आईला भेटून आलो, म्हणायचे. आम्हीही मान डोलवायचो. खूण तिथेच होती, पण आम्हाला कुठली दिसायला.

दोन हजार वीसच्या जानेवारीत माझा धाकटा भाऊ निनाद आमच्याकडे आला. पुण्यातली नोकरी सोडून 'जरा विचार करायला' आला होता. सिडनीत तेव्हा वणव्यांचा धूर भरलेला, खिडक्या बंद, दिवसचे दिवस घरात. मी ऑफिसात, नवरा शिफ्टला, आणि ही दोन अस्वस्थ माणसं एका युनिटमध्ये. पंधरा दिवसांत निनादचाही पाय हलायला लागला. जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बरणी म्हणजे सायगॉन, मिठाची म्हणजे चौ डॉक, मधली पळी म्हणजे मेकाँग नदी. लिहून घ्यायचं नाही, पाठ करायचं. मी स्वयंपाक करताना बरणी मागितली तर दोघंही म्हणायचे, थांब, सायगॉन हलवू नको.

फेब्रुवारीच्या शेवटी निनाद इथून व्हिएतनामला गेला. तीन आठवडे फिरून मग घरी, नाशिकरोडला, आईकडे, असा बेत. आई तिथे एकटी. बाबा जाऊन सहा वर्षं झालेली, आई ब्लाउज शिवते, शुगर आहे, आणि शुगर आहे हे ती मानत नाही. निनाद परत आला की तिथेच काहीतरी बघेल, आईजवळ राहील, असं मी मनात धरलं होतं. तो व्हिएतनामहून फोटो पाठवायचा: चपलांची पिशवी, हसणारा कंडक्टर, हातात भडंग. काका फोटो मोठे करून माणसांचे चेहरे बघायचे.

आणि मग मार्चचा तो आठवडा आला. रोज कुठलातरी देश दार लावत होता. ऑस्ट्रेलियाने लावलं. मग बातमी आली, की रविवारपासून भारतात बाहेरून येणारं विमान उतरणार नाही. निनाद तेव्हा चौ डॉकला, कंबोडियाच्या सरहद्दीजवळ, नदीकाठी. सायगॉनहून शनिवारी दुपारी साडेचारचं दिल्लीचं एक विमान होतं. नवऱ्याने धडपडून त्यात जागा मिळवली. आता निनादला एवढंच करायचं होतं: शनिवारी सकाळी चौ डॉकहून निघून दुपारपर्यंत सायगॉन. ते साधलं तर आईजवळ कुणीतरी असणार होतं. नाहीतर ती एकटी, आणि किती दिवस ते कुणालाच माहीत नाही.

मी म्हटलं, त्याला टॅक्सी करून जाऊ दे. काका म्हणाले, टॅक्सी काय, बस काय, फेरीला सगळ्यांची रांग तीच. मग त्यांनी त्यांची खास युक्ती सांगितली. वाटेत नदीचा मोठा फाटा आडवा येतो. गाड्या फेरीबोटीतून पलीकडे जातात, आणि गाड्यांची रांग दोन-दोन तास हलत नाही. शहाण्या माणसाने धक्क्याच्या वळणावर बस सोडायची, पायी बोटीवर चढायचं आणि पलीकडच्या काठावर निघायच्या बेतात असलेली सायगॉनची बस धरायची. दोन तास वाचतात. काकांनी हे असं सांगितलं, की ती बोट मला आमच्या किचनमध्ये दिसली.

शनिवारी निनाद सहाच्या बसने निघाला. आमच्याकडे दहा वाजले होते. बाराच्या सुमाराला त्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. वळण आलं, तो उतरला, बस निघून गेली. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. त्याचा आवाज बारीक झाला होता. धक्क्यावर कुणी नव्हतं. तिकिटाच्या खिडकीला फळ्या ठोकलेल्या, बोट नाही, रांग नाही, एक म्हातारी नारळ विकत होती. तिने हात वर करून दाखवलं. दूर नदीवर मोठा पूल होता. गेल्या वर्षीच सुरू झालेला. त्याची बस त्या पुलावरून कधीच पलीकडे गेली होती.

काकांनी तीनदा विचारलं. पूल झालाय? फेरी नाहीच? पूल झालाय? त्यानंतर त्यांनी पुष्कळ खटपट केली. मोटरसायकलवाला शोध, पूल ओलांड, पलीकडच्या पेट्रोलपंपापाशी उभा राहा. निनादने सगळं केलं. पण बस कमी झालेल्या, आलेल्या भरलेल्या, आणि तोंडाला फडकं बांधलेल्या परदेशी माणसाला बघून एकही थांबेना. तो विमानतळावर पोचला तेव्हा पाच वाजून गेले होते.

मी काकांना म्हटलं, "तुम्ही डिसेंबरात गेला होता ना? मग एवढा मोठा पूल तुम्हाला दिसला नाही?"

काका खिडकीशी उभे होते. "मी दोन हजार अकरानंतर तिकडं गेलेलोच नाही," ते म्हणाले. "आई पडली तेव्हापासून सगळी रजा मिरजेला जाती."

नऊ वर्षं. 'मागची खेप' म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची. मी किती बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. शेवटचं वाक्य आठवतं: "माहीत नाही तर बोलता कशाला?" त्यानंतर मी काकांशी बोलणं बंद केलं.

अबोला धरणं ही आमच्या घराण्याची विद्या आहे. माझी आत्या माझ्या वडिलांशी चार वर्षं बोलत नव्हती आणि दर दिवाळीला त्यांच्यासाठी चकल्या पाठवायची. पण आत्याचं घर वेगळं होतं. मी धरला तो दोन खोल्यांच्या युनिटमध्ये, लॉकडाउनमध्ये, वर्क फ्रॉम होम करताना. काका आणि मी एकाच टेबलाच्या दोन टोकांना लॅपटॉप उघडून बसायचो. ते फोनवर कुणाचा तरी पासवर्ड बदलून देत म्हणायचे, "नो वरीज, मेट." मी माझी मीटिंग करायचे. मधे दूध संपलं तर मी उठून, खोलीत झोपलेल्या नवऱ्याला उठवून सांगायचे, काकांना सांग दूध संपलंय. नवरा डोळे चोळत बाहेर येऊन म्हणायचा, काका, दूध. काका म्हणायचे, ऐकलं. घर बदलावं म्हटलं तर नवऱ्याच्या शिफ्ट निम्म्यावर आलेल्या आणि व्हिसाचे कागद त्याच पत्त्यावर. राहिलो.

काका अस्वस्थ तर आधीपासूनच होते, आता त्यांना जायला जागाच नव्हती. बसमधून फिरणं बंद. मग हॅरिस पार्कच्या गल्ल्या चालायचे. मिठाईचं दुकान, रेल्वेचा पूल, नदीकाठ, परत. दिवसातून चारदा. आल्यावर हात धुऊन कॅलेंडरपाशी उभे राहायचे. लाल गोल करणं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं. आणि बोलत नव्हते. आधी जो माणूस बरण्यांचा देश मांडायचा, तो आता बरणी उचलून झाकण लावून जागेवर ठेवायचा. मला ते बघवत नसे, आणि बघवत नाही म्हणून आणखी राग यायचा.

तिकडे निनाद पाच महिने अडकला. आई एकटी राहिली. मी रोज फोन करायचे, ती रोज म्हणायची ठीक आहे, मी रोज विश्वास ठेवायचे नाही. ब्लाउज बंद झाल्यावर तिने मास्क शिवायला घेतले आणि सबंध बिल्डिंगला वाटले, सोसायटीच्या सेक्रेटरीला दोनदा, कारण तो नाकाखाली घालायचा. ऑगस्टमध्ये सरकारी विमानाने निनाद घरी पोचला. आई धडधाकट होती. माझा राग जायला हरकत नव्हती. पण अबोला जितका जुना होतो तितका तो कुठून सोडवायचा ते कळत नाही. इतक्या महिन्यांनी पहिलं वाक्य काय बोलायचं? दूध संपलंय? तेवढ्यासाठी अर्धं वर्ष घालवलं?

पुढचा एप्रिल आला. भारतातली दुसरी लाट. पुन्हा रोज फोन, रोज कुणाच्यातरी घरची बातमी. इथून भारताची विमानं बंद केली, आणि इथल्या सिटिझनला तर देशाबाहेर जायलाच परवानगी लागत होती. त्या दिवसांत मिरजेहून काकांना फोन आला. त्यांची आई बाथरूममध्ये पुन्हा पडली. वय शहाऐंशी. डॉक्टर फोनवरून म्हणाले, आत्ता दवाखान्यात आणू नका, इथे आणलं तर दुसरंच काही व्हायचं, घरी झोपवून ठेवा. पण घरी ठेवायला घरी कुणी हवं. काम करणारी बाई स्वतः तापाने आजारी पडलेली. शेजारचे दाराशी डबा ठेवायचे आणि बेल वाजवून मागे व्हायचे. आजी पलंगावर, आणि डबा दाराबाहेर.

काकांनी परवानगीचा अर्ज केला. सरकारने कागद मागितले, काकांनी दिले, त्यांनी आणखी मागितले. नवरा त्यांना स्कॅन करून द्यायचा. मी दाराआडून ऐकायचे. काका येरझाऱ्या घालायचे, फ्रिज ते खिडकी, खिडकी ते फ्रिज. दुसऱ्या दिवशी मी न राहवून निनादला फोन केला, नुसतं सांगायला. तो लगेच म्हणाला, मी जातो.

मी म्हटलं, वेडा आहेस का? लाट चालू आहे, जिल्ह्याबाहेर जायला पास लागतो, एसटी नाही, आणि ती बाई आपली कोण? त्या माणसामुळे तू पाच महिने अडकलास.

"ताई," निनाद म्हणाला, "तुला कुणी सांगितलं मी चिडलोय म्हणून?"

तो म्हणाला, ते पाच महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले महिने होते. त्या धक्क्यावरच्या नारळवाल्या म्हातारीच्या घरीच तो शेवटी राहिला होता, तिच्या मुलाच्या मोटरसायकली दुरुस्त करत. त्याने हे मला आधीही सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. मग म्हणाला, "आणि उतर कोण म्हणालं होतं, आठवतंय ना?"

आठवत होतं. वळणावर निनादचा फोन आला तेव्हा तो म्हणत होता, काका, कंडक्टर नको म्हणतोय, हात हलवतोय, काय करू? काका म्हणाले होते, थांब, त्याला विचार, तो तिथं उभारलाय. आणि मी फोन हिसकावून घेऊन ओरडले होते, विचारत काय बसतोस, वेळ नाहीये, काका म्हणतात तिथे उतर. माझ्या आवाजाला निनाद लहानपणापासून घाबरतो. तो उतरला. हे तिघांनाच माहीत होतं. काकांनी त्या दिवशीही ते काढलं नाही, नंतर तेरा महिन्यांत नवऱ्याजवळसुद्धा काढलं नाही. त्यांनी स्वतःच्या नऊ वर्षांचं कबूल केलं आणि माझी तीन सेकंदं पोटात घातली. मी बोलत नव्हते ती रागाने नव्हे. मला लाज वाटत होती.

निनाद निघाला. काकांनी त्याला नको म्हणून परोपरीने सांगितलं, तुझी आई एकटी आहे रे, म्हणाले. तर माझ्या आईने फोन घेतला आणि म्हणाली, मला काय धाड भरलीये, जाऊ दे त्याला. पासवर नातं काय लिहू, निनादने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, आजीच की. आणि शेवटी, सवयीने, त्याने विचारलं, काका, कसा जाऊ?

काका म्हणाले, "मला विचारू नकोस. वाटेत भेटंल त्याला विचार."

तो संध्याकाळी कांद्याच्या ट्रकमधून चाकणपर्यंत गेला. तिथून कात्रजपर्यंत कसा गेला ते त्याने आईला अजून सांगितलेलं नाही. कात्रजहून रिकामा परतणारा दुधाचा टँकर, कराडपर्यंत. कराडला टोलनाक्यावर पहाटेपासून उभा. शेवटी पेशंट पुण्याला सोडून मिरजेला परत चाललेल्या एका अँब्युलन्सवाल्याने त्याला पुढे बसवलं. प्रत्येक टप्प्यावर तो एकेक शब्द पाठवायचा. चाकण. कात्रज. कराड. आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना, दोघांनीही आजारपणाची रजा टाकलेली, दोघांच्या पुढे फोन. काकांचा पाय हलत होता, वाट्या वाजत होत्या. मी डोळे वटारले नाहीत. माझा पायही हलत होता.

आमच्याकडे साडेतीन वाजले असतील. काकांचा फोन वाजला, व्हिडिओ. निनाद मास्कमधून म्हणाला, काका, पोचलो. डबा आत घेतला. आजींना उचलून बसवलंय, पाणी प्यायल्या. त्याने फोन फिरवला. उशीला टेकून बसलेली एक लहानशी म्हातारी दिसली, केस विस्कटलेले, हातात स्टीलचा पेला. त्यानंतर त्या अकरा दिवस होत्या. सगळे दिवस निनाद तिथे होता, अग्नीही त्यानेच दिला. काकांची परवानगी त्याच्या दुसऱ्या दिवशी ईमेलने आली. पण तेव्हा, त्या दुपारी, त्या चांगल्या खणखणीत बोलत होत्या.

"आई," काका म्हणाले, "मी येतोय. अर्ज केलाय, झालं की निघतो."

"तू कशाला येतोस एवढ्या लांबनं?" त्या म्हणाल्या. "हे पोरगं आलंय की."

मग त्या निनादकडे वळून त्याला चहा करायला सांगू लागल्या, साखर कुठल्या डब्यात आहे ते सांगू लागल्या, आणि फोन बंद झाला.

काका फोन हातात धरून उभे होते. नवरा शिफ्टला होता, घरात आम्ही दोघंच. ते खिडकीशी गेले. मग, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "नऊ वर्षं दर वेळी दारात पाय ठेवला की हेच म्हणायची. कशाला आलास एवढ्या लांबनं. मला वाटायचं, तसं म्हणायची पद्धत असती."

मी उठून त्यांच्याजवळ गेले. तेरा महिन्यांनी मी त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलले.

"पद्धतच असते ती, काका," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ते खरं होतं का, मला माहीत नव्हतं.